वाळवण

मे महिन्यात आमच्या अंगणात तीन गोष्टी उन्हाला पडायच्या. सुकेळी, पावसाळ्याच्या बेगमीचं सुकं आणि आजीचं मरण.

सुकेळी म्हणजे पिकलेली राजेळी केळी सोलून, चटईवर मांडून, दिवसभर तापवून, संध्याकाळी आत घेऊन, असं बरेच दिवस वाळवलेली. सुकं म्हणजे कोळणीकडून घेतलेले बोंबील नि करंदी. आणि मरण होतं एका हिरव्या पत्र्याच्या ट्रंकेत. तिची कडी मोडली होती, म्हणून तिला सुतळी बांधलेली असे. आजी ती ट्रंक वर्षातून एकदा खाटेखालून ओढून काढायची, ओसरीवर आणायची आणि एकेक वस्तू झटकून खाटेवर पसरायची. एक लाल लुगडं, फक्त एकदा नेसलेलं. त्याच रंगाची चोळी. देवळात जाताना अंगावर घ्यायची पांढरी ओल. काळ्या मण्यांची जपमाळ. दोन फेब्रुवारीच्या सणाला आशीर्वादित करून आणलेली एक जाड मेणबत्ती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. आणि रुमालाच्या गाठीत काही नोटा.

मी सात-आठ वर्षांचा असेन. कावळे हाकायचं काम माझ्याकडे होतं. हातात बांबूची काठी घेऊन मी बोंबलांवर नजर ठेवून बसायचो आणि मध्येच त्या लुगड्याकडे बघायचो. एकदा विचारलं, "आजी, हे कधी नेसणार?"

"मी नाही नेसणार. तुझी आई नेसवील."

"कधी?"

"ते मला कुठे ठाऊक? म्हणून तर ऊन दाखवते. नाहीतर ऐन वेळी कसर लागलेली निघायची."

एवढं बोलून ती सुकेळी उलटायला गेली. तिच्या आवाजात काही बदल झाला नव्हता. माझ्या पोटात मात्र खड्डा पडला.

आमचं घर वसईतल्या गास आणि भुईगावच्या मधल्या पट्ट्यातलं. घरात कादोडी बोलली जाते, शाळेत नि देवळात मराठी. आजीचा जन्म बाप्तिस्म्याच्या वहीप्रमाणे १९२७ सालचा. शाळेत ती गेली नव्हती. आम्हाला जो इतिहास मिळाला तो तिच्याकडून, संध्याकाळच्या जपमाळेनंतर, ओसरीवर. त्यात सनावळ्या नव्हत्या, त्या मी पुढे पुस्तकांतून जोडून घेतल्या. पण कुठल्याही गोष्टीत माणूस मेल्यावर पुढे काय काय करावं लागलं हे ती कधी सांगायची विसरायची नाही.

लहानपणी मला घंटेची भीती होती. देवळाची घंटा एरवी सकाळ, दुपार, संध्याकाळ वाजायची, ती कानाआड जायची. मयताची घंटा वेगळी. सावकाश, एकेक ठोका, मध्ये इतका वेळ की संपली असं वाटावं आणि मग पुन्हा एक. बाईसाठी आणि बाप्यासाठी ठोक्यांची रीत वेगळी असे. वाडीत काम करणारी माणसं कुदळ टेकवून उभी राहायची. आजी ओठ हलवत मोजायची. मोजून झालं की म्हणायची, "बाई आहे." मग गल्लीच्या तोंडाशी जाऊन कुणाला तरी विचारायची, "कोण रे?"

मी कानांवर उशी दाबायचो. शेवटचा ठोका वाजला हे कळू नये म्हणून, की पुढचा ठोका माझा असेल म्हणून, ते आता सांगता येत नाही. रात्री अंधारात मी स्वतःच मोजायला लागायचो. मोजणं आणि भिणं या दोन गोष्टी माझ्यात तेव्हाच एकमेकींना चिकटल्या.

आजीच्या हे लक्षात आलं. तिनं मला समजावलं नाही. पुढच्या वेळी घंटा वाजली तेव्हा तिनं माझ्या हातात कॉफीची किटली दिली. "चल. त्यांच्या चुलीला आज विस्तव नाही." मयताच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो असा, किटली सांडू नये याच काळजीत. आत एक म्हातारे गृहस्थ झोपल्यासारखे होते, उशाशी मेणबत्त्या, बायका जपमाळ म्हणत होत्या. बाहेर एक जण सायकलला पंप मारत होता, कारण निर्मळ, नंदाखाल, आगाशीला निरोप पोचवायचे होते. दोघे-तिघे खड्डा खणायला निघाले होते. एक मुलगा बाकं मोजत होता. मला कप वाटायला लावलं. साखर कमी पडली म्हणून परत घरी पिटाळलं. त्या संध्याकाळी मी मेलेल्या माणसापासून दोन हातांवर उभा राहून आलो होतो, पण आठवण राहिली ती साखरेची.

आजी सांगायची ती सगळ्यात भीतीदायक गोष्ट भुताची नव्हती. ती न वाजलेल्या घंटेची होती.

तिनं ती तिच्या सासूकडून ऐकली होती. १९१८ साली मानमोडीचा ताप आला. मुंबईत तो जूनमध्ये शिरला आणि पावसाळा सरताना दुसऱ्यांदा उसळला. देशभरात त्या साथीनं एक कोटीहून जास्त माणसं नेली. विरार ते मुंबई उपनगरी गाडी १८६७ पासून धावत होती. भाजी, फुलं, पानं, केळी घेऊन आमची माणसं मुंबईला जात होती. ताप त्याच वाटेनं आला असणार. सासूबाई सांगायच्या, पहिल्या आठवड्यात घंटा दिवसातून चार-पाच वेळा वाजली. आजारी माणसं खाटेवर पडून ठोके मोजायची आणि खचायची. मग फादरनी सांगितलं, आता घंटा वाजवायची नाही. "घंटा थांबली," आजी म्हणायची, "आणि खरी भीती तेव्हा आली. कोण गेलं तेच कळेना. कुणाच्या चुलीला विस्तव नाही हेही कळेना."

घंटेपायी माणसं खचली होती आणि घंटा थांबल्यावर ती एकटी पडली. या दोन टोकांमध्ये आपण कुठे उभं राहायचं, याचं उत्तर आजीच्या गोष्टीत नसे. ती पुढे सांगायची की घंटा थांबल्यावर गावातली एक विधवा रोज सकाळी दारोदार फिरून नुसती हाक मारायची. ओ आली की पुढे. नाही आली की आत. ती बाई मानमोडीतून वाचली. "मरायला वेळच नव्हता तिला," असं म्हणून आजी हसायची.

घंटेची दुसरी गोष्ट बाबांची. ते आम्हाला वसईच्या किल्ल्यात घेऊन जायचे. ताडामाडांच्या सावलीत उभ्या त्या भिंती, छप्पर नसलेली देवळं. फ्रान्सिस्कनांच्या देवळात जमिनीतच बसवलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत, पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या. माणसं त्यांवरून चालून चालून अक्षरं पुसट झालेली. आज तिथे लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. मला त्यात वावगं वाटत नाही. ज्यांची नावं त्या दगडांवर आहेत त्यांनीही कधीतरी ठेवणीतले कपडे घालून त्याच दारातून पाय टाकला असेल.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली. दोनशे वर्षांनी चिमाजी अप्पांनी वेढा घातला. १७३९ च्या मे महिन्यात किल्ला पडला. त्या वेढ्यात मराठ्यांचीही हजारोंनी माणसं पडली. दंतकथा सांगते की किल्ला हाती येईना तेव्हा अप्पा म्हणाले, निदान माझं डोकं तोफेतून उडवून आत टाका. पुढचं मात्र दंतकथेत येत नाही. किल्ला जिंकल्याला वर्ष व्हायच्या आत, १७४० च्या एप्रिलमध्ये, थोरले बाजीराव गेले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात चिमाजी अप्पा. दोघांनीही चाळिशी गाठली नव्हती. ज्यांचं साम्राज्य उखडलं ते आठवड्याभरात जहाजांत बसून निघून गेले आणि ज्यांनी उखडलं त्यांनाही तो विजय फार काळ बघायला मिळाला नाही.

मागे राहिल्या घंटा. वसईच्या आणि आसपासच्या देवळांतल्या मोठ्या ओतीव घंटा मराठे सरदारांनी उतरवल्या आणि घाटावर नेल्या. भीमाशंकरला देवळासमोर जी टांगली आहे तिच्यावर क्रूस आहे आणि १७२९ हा आकडा. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली १७२१ ची. वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या घाटावरची १७०७ ची. बाबा हे सांगताना जरा हळहळायचे. आजीला मी ते घरी येऊन सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "तिथे वाजते का?"

"वाजत असेल."

"मग झालं. पडून राहिली असती तर गंजली असती."

खूप वर्षांनी मी भीमाशंकरला गेलो. धुकं होतं, दर्शनाची रांग होती. घंटेजवळ एक आजीबाई नातवाला उचलून धरून क्रूस दाखवत होत्या आणि हे काय म्हणून तो विचारत होता. त्यांनी सांगितलं, "खूण आहे बाळा, कुणाची तरी." मी शेजारी उभा होतो. ही आमची, असं सांगावंसं वाटलं, पण तोंडातून निघालं नाही. आमची म्हणजे कुणाची? ज्यांच्या मरणासाठी ती ओतल्यावर पहिल्यांदा वाजली असेल त्यांची नावं ना मला ठाऊक, ना त्यांना.

आमच्या गासच्या देवळाचा संत गोन्सालो गार्सिया. त्याच्या नावाची मिरवणूक, त्याच्या नावाचं कॉलेज, त्याच्या नावाची पोरं. वसईत जन्मलेला, साधारण १५५७ च्या सुमाराचा. बाप पोर्तुगीज शिपाई, आई इथलीच. किल्ल्यातल्या जेझुइटांकडे शिकला आणि पंधराव्या वर्षाच्या आसपास त्यांच्याबरोबर जपानला गेला. भाषा पटकन उचलली. जेझुइटांनी त्याला संघात घेतलं नाही. तो व्यापारात पडला, पैसा केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि १५९३ मध्ये दुभाष्या म्हणून पुन्हा जपानला गेला. १५९६ च्या अखेरीस तिथला सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमानं पकडापकड झाली. क्योटोत पकडलेल्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढली आणि मग थंडीत सुमारे महिनाभर चालवत नागासाकीला नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाले मारले. त्यात बारा वर्षांचा एक मुलगाही होता. १८६२ साली पोपनी त्या सगळ्यांना संत म्हणून जाहीर केलं.

धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला सांगत की संत हसत हसत मेले. मी आजीला विचारलं, तो घाबरला नसेल?

आजीनं थोडा विचार केला. "महिनाभर चालवलं ना त्याला?"

"हो."

"मग घाबरला असणार. एका दिवसात मारलं तर माणूस भ्यायच्या आत मरतो. महिनाभर चालायचं म्हणजे रोज रात्री झोपायचं, रोज सकाळी उठायचं, पायातली वहाण बांधायची. कान दुखत असणार." मग ती म्हणाली, "घाबरला आणि चालला. त्याच्याबरोबर ते पोर होतं ना. पोर बरोबर असलं की माणूस चालतो."

मला अजूनही त्या संताविषयी इतकं खरं वाटणारं दुसरं काही मिळालेलं नाही.

आमच्या घराच्या दुसऱ्या अंगाला नालासोपारा. आता तिथे इमारतींना इमारती टेकल्या आहेत, पण आजी तरुण होती तेव्हा बुरूड राजाचा कोट म्हणून एक उंचवटा होता. आत सोन्याची पेटी आहे आणि ती काढायला जाणारा मरतो, असं गावात म्हणायचे. पेटी खरोखरच निघाली होती, तीही आजीच्या जन्माच्या पंचेचाळीस वर्षं आधी. १८८२ च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो उंचवटा खणला. तो बौद्ध स्तूप निघाला. आत दगडी करंडा, त्याच्यात तांब्याचा, मग चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा, अशा एकात एक डब्या, आणि सगळ्यात आतल्या सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे थोडे तुकडे. सोबत सोन्याची फुलं, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं, ब्राँझच्या आठ मूर्ती. इंद्रजींच्या मते ते तुकडे खुद्द बुद्धाच्या भिक्षापात्राचे होते. ते आता मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहेत.

हे सांगितलं आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींनी. ते बौद्ध होते, सोपाऱ्यात राहायचे आणि आजीच्या सुकेळ्यांसाठी दर उन्हाळ्यात यायचे. ओसरीवर बसून ते गोष्टी सांगायचे. आजी तांदूळ निवडत ऐकायची. पेटीची गोष्ट ऐकून ती म्हणाली, "एवढ्या डब्या आणि आत खापरी?" गुरुजी म्हणाले, "खापरीच." आजीला ते फार आवडलं. तिच्या ट्रंकेचा तेव्हापासून तिला जरा अभिमान वाटू लागला असावा.

गुरुजींनीच आम्हाला पूर्ण आणि बाहिय भेटवले. पूर्ण हा शूर्पारकाचा, म्हणजे या सोपाऱ्याचाच, व्यापारी. बुद्धाचा भिक्षू होऊन तो आपल्या मुलखात परत यायला निघतो तेव्हा बुद्ध त्याला विचारतो, तिकडचे लोक तापट आहेत, तुला शिव्या दिल्या तर? पूर्ण म्हणतो, मारलं तर नाही ना, चांगलेच आहेत. मारलं तर? दगड नाही ना मारले. दगड मारले तर? काठी नाही ना. असं करत प्रश्न शस्त्रापर्यंत जातो आणि मग जिवापर्यंत. जीवच घेतला तर? तेव्हा पूर्ण म्हणतो की या कुडीतून त्यांनी मला फारसा त्रास न होता सोडवलं, असं समजेन. गुरुजी हे रंगवून सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "बघा, आपले लोक तेव्हाही तापटच."

बाहिय वेगळा. त्याचं जहाज फुटलं, तो एकटा वाचला आणि अंगाला झाडाची साल गुंडाळून सोपाऱ्याला किनाऱ्यावर आला. लोकांनी त्याला सिद्धपुरुष समजून पुजलं, त्यालाही ते पटू लागलं. मग कुणीतरी त्याचे डोळे उघडले. तो थेट श्रावस्तीला धावला. बुद्ध भिक्षेसाठी रस्त्यात होता, म्हणाला, ही वेळ नाही. बाहियनं दोनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा अडला. तुमचं किंवा माझं आयुष्य किती हे कुणाला ठाऊक, मला आत्ताच सांगा. बुद्धानं रस्त्यातच सांगितलं. सार एवढंच की बघशील तेव्हा बघण्यापुरतंच असू दे, ऐकशील तेव्हा ऐकण्यापुरतंच. त्यात 'मी' घालू नकोस. बाहियला ते कळलं. थोड्याच वेळानं वासरू असलेल्या एका गायीनं त्याला शिंगावर घेतलं आणि तो मेला.

मी तेव्हा कॉलेजात होतो, मला ती गोष्ट अन्यायाची वाटली. एवढा धावत गेला आणि गायीनं मारलं? आजीनं तांदळातला खडा बाजूला टाकला. "विचारून तरी मेला," ती म्हणाली. "ते जहाजातले बाकीचे?"

तिचं भांडण झालं ते सम्राट अशोकाशी. भुईगावला १९५६ मध्ये अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. आठव्याचा तुकडा सोपाऱ्याला आधीच मिळाला होता. गुरुजींनी अर्थ सांगितला. आठव्यात राजा सांगतो की आता मी शिकारीला जात नाही, धर्मयात्रेला जातो, वृद्धांना भेटतो, त्यांना सोनं देतो. आजी म्हणाली, "चांगला राजा." नवव्यात मात्र तो म्हणतो की आजारपणात, लग्नात, मूल होताना, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, त्यातही बायका फारच. त्यांचं फळ थोडं. नोकराचाकरांशी नीट वागावं, वडीलधाऱ्यांचा मान ठेवावा, जिवांना दुखवू नये, दान द्यावं, खरा विधी तो.

आजीनं सूप खाली ठेवलं. "त्याला सांगा, माझं दुसरं पोर तापानं फणफणलं होतं तेव्हा रात्रभर मी काय काय केलं ते मला माहीत. मीठ उतरवलं, नवस बोलले, जपमाळ म्हटली, पाय चोळले. पोर राहिलं नाही. फळ थोडं, हे मला राजानं सांगायला नको. पण ती रात्र काढायची कशी होती, ते त्यानं लिहिलंय का दगडावर?"

गुरुजी गप्प झाले. मीही. त्या पोराविषयी तिनं तोवर आमच्याकडे कधी काही काढलं नव्हतं. त्या दिवशी मला कळलं की ती ट्रंक दरवर्षी उघडायला ती कुठे शिकली. ज्या रात्री तिच्याजवळ काहीच तयार नव्हतं, त्या रात्री.

नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीनं मला फोन केला. मी तेव्हा विरारला फ्लॅटमध्ये राहत होतो. "अरे, माझे मरणाचे पैसे बाद झाले!" रुमालाच्या गाठीतल्या नोटा तिनं काळानुसार बदलत आणल्या होत्या, दहाच्या, मग पन्नासच्या, आणि आता खड्डा खणणाऱ्यांसाठी पाचशेच्या चार. मी म्हटलं, मी बदलून आणतो. नाही म्हणाली. एकोणनव्वद वर्षांची बाई माझ्या भावाच्या स्कूटरवर बसून बँकेच्या रांगेत गेली. कुणीतरी खुर्ची दिली. रांगेतल्या बाईनं विचारलं, आजी, कशासाठी एवढा त्रास? तिनं खरं तेच सांगितलं. रांग हसली, मग थोडी शांत झाली, मग त्यांनी तिला पुढे जाऊ दिलं. घरी येऊन ती म्हणाली, "मरणाचं नाव काढलं की लोक वाट देतात."

मग आला २०२१ चा एप्रिल.

त्या महिन्याबद्दल वसई-विरारमध्ये कुणाला काही सांगावं लागत नाही. ऑक्सिजनसाठीचे फोन, औषधांसाठीचे मेसेज. २३ तारखेच्या पहाटे विरारमधल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी तेरा रुग्ण गेले. आमच्याकडे आजीला ताप आला. मी तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून बसलो. चौऱ्याण्णव. ब्याण्णव. पुन्हा चौऱ्याण्णव. एकोणनव्वद. तो आकडा बघताना माझे ओठ हलत होते. मला ती जुनी घंटा ओळखू आली. कानावर उशी दाबणारा तो पोरगा पन्नाशी उलटून गेली तरी तसाच होता. आजी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "काय मोजतोस? माझी कॉफी गार होतेय."

तिला रुग्णालयात नेलं. पाचव्या दिवशी तिथून फोन आला. आम्हाला आत जाता आलं नाही. लाल लुगडं कुणी नेसवलं नाही, मेणबत्ती पेटली नाही, जपमाळ हातात गुंफली गेली नाही. पिशवीत गुंडाळलेली आजी रुग्णवाहिकेतून थेट दफनभूमीत आली आणि पांढऱ्या पोशाखातल्या चौघांनी तिला खाली उतरवलं. फादर लांबून प्रार्थना म्हणत होते. आम्ही मोजून काही जण फाटकाशी उभे होतो. घंटा वाजली. गल्लीच्या तोंडाशी येऊन "कोण?" म्हणून कुणी विचारलं नाही, सगळे दारं लावून ऐकत होते.

पंचेचाळीस वर्षं मी बघत आलेली तिची तयारी तशीच ट्रंकेत राहिली. मला त्याचा राग आला. कुणावर ते माहीत नाही. एवढं जपून, ऊन दाखवून, रांगेत उभं राहून शेवटी हे? मग रुमालाची गाठ आठवली. ती घेऊन मी परत फाटकाशी गेलो. चौघांतल्या एकानं टोपी काढली होती, घामानं न्हालेला, वीस-बावीस वर्षांचा पोरगा. मी म्हटलं, हे आजीनं तुमच्यासाठी ठेवलं होतं. तो म्हणाला, "आमच्यासाठी? ती ओळखायची आम्हाला?" मी म्हटलं, हो.

ते खोटं नव्हतं. खड्डा कुणीतरी खणणार आणि तो दमणार, एवढं ती त्याच्याविषयी चाळीस वर्षांपासून जाणून होती. ट्रंक ती स्वतःसाठी भरत होती असं मी समजत आलो होतो. लुगडं आईला धावाधाव नको म्हणून होतं. मेणबत्ती अंधारात शोधायला लागू नये म्हणून. पैसे पोरांनी हात पसरू नये म्हणून. त्यात तिच्यासाठी असं काहीच नव्हतं. भ्यायला तिच्याकडे जागाच उरली नव्हती, तिथे लुगडं घडी करून ठेवलं होतं.

अलीकडे वसईतल्या काही धर्मग्रामांत शवपेटीऐवजी साध्या कापडात गुंडाळून दफन करू लागले आहेत. पेटीवरचं पॉलिश, खिळे, प्लॅस्टिक मातीत कुजत नाही आणि दफनभूमीत जागा तर पुरतच नाही, जुन्या कबरी पुन्हा उघडाव्या लागतात. म्हातारी माणसं म्हणतात, यात नवीन काय, पूर्वी असंच होतं. आजीही म्हणायची की तिच्या लहानपणी पेटी असायची ती देवळाची, सगळ्यांना मिळून एक, नुसती वाहून न्यायला. माणूस मातीत, पेटी परत. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आता वाडीत लोंगर उतरवल्यावर बाबा केळ कापायचे ते आठवतं. एकदा व्याली की केळ पुन्हा फळत नाही. कापलेलं खोड ते तुकडे करून तिच्याच मुनव्यांच्या बुंध्याशी टाकायचे. पावसाळा संपेतो तिथे काळी माती झालेली असे.

गेल्या मे महिन्यात मी गावच्या घरी होतो. आई आता ऐंशीच्या पुढे आहे. सकाळी तिनं सुकेळ्यांची चटई घातली आणि मला हाक मारली, "ती ट्रंक ओढ जरा." मी गुडघ्यांवर बसून खाटेखालून हिरवी ट्रंक ओढली. सुतळी नवीन होती. आईनं लुगडं झटकलं, उजेडात धरलं, पदर बोटांनी चाचपला. कुठेही कसर नव्हती. खांद्यावर टाकून लांबी पाहिली. "चांगलं राहिलंय," म्हणाली. "मला होईल."

माझ्या तोंडून काही निघेना. ती मेणबत्ती कागदातून सोडवत होती. उन्हाळ्यानं ती किंचित वाकली होती. आईनं दोन्ही तळव्यांत धरून ती हळूहळू सरळ केली.

तेवढ्यात देवळाची घंटा वाजली. सावकाश, एकेक. शेजारच्या इमारतीतून रेडिओचा आवाज येत होता तो कुणीतरी बारीक केला. लाल लुगडं खाटेवर पसरलं होतं, त्याच्यावरून एक माशी चालत गेली. मी सुकेळी उलटत होतो. खालची बाजू अजून ओलसर होती, बोटांना चिकटत होती.

घंटा थांबली. आईनं विचारलं, "बाई की बाप्या? किती झाले?"

मोजायचं राहूनच गेलं होतं.

"विचारून येतो," मी म्हटलं, आणि हात धुऊन गल्लीच्या तोंडाशी गेलो.